आईकडची गाणी

७ जानेवारी २००७, रविवार

पोरं आली संध्याकाळी. चपलाही न काढता अथर्व सोफ्यावर चढला आणि ओरडला — "भोपळा!" नेहा जिन्यातूनच — "पडवळ!" आणि मग दोघं पोट धरधरून हसतायत. मी विचारलं, "काय रे हे?" नेहाने अथर्वकडे बघितलं, डोळे मोठे केले, म्हणजे सांगू नकोस. "ती आईकडची गंमत आहे, मावशी."

मावशी! डबे मी भरते, उवा मी काढते, रात्री पाय दुखले की पाय मी चेपते. पण शनिवार उजाडला की कौस्तुभ दोघांना रिक्षात घालून नया नगरला सुचेताकडे सोडून येतो, आणि रविवारी परत येतात ती सुचेताची होऊनच. आई म्हणते असं. आई म्हणते तसं. घटस्फोट झाला तेव्हा सुचेता कॉल सेंटरात रात्रपाळी करत होती, म्हणून पोरं कौस्तुभकडे राहिली. मी नंतर लग्न होऊन आले. नंतर येणाऱ्याला मावशीच म्हणणार.

९ जानेवारी

वरणाला फोडणी देत होते. मागे अथर्व काहीतरी इंग्लिश गाणं म्हणत होता, भराभरा, नुसतं बोलल्यासारखं. एक शब्द धड नाही. पाच वर्षांच्या पोराला काय येणार! पण ठेका एकदाही चुकला नाही. आणि मध्येच, बरोब्बर ठेक्यात — "दोडका!"

दोडका काय? कोण शिकवतंय हे? विचारलं तर पळाला.

१४ जानेवारी, संक्रांत

आज कळलं.

तिळगुळाचं निमित्त केलं आणि मीच पोरांना आणायला गेले, दुपारीच. सुचेताच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. जिना चढताना दुसऱ्या मजल्यापासूनच गाणं ऐकू यायला लागलं. कोणी बाप्या इंग्लिशमध्ये भांडल्यासारखं गात होता, खाली धडधड. मग एकदम तीन आवाज एकत्र — "भोपळा!!" दोन पोरांचे, एक तिचा. मग सुचेता ओरडली, "शाब्बास! आता दोन येतायत हां, लागोपाठ — तयार — पडवळ! दोडका!"

मी दारापाशी उभी. हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. शिवी आली की भाजी! गाण्यात जिथे जिथे शिवी, तिथे तिथे सगळ्यांनी मिळून ओरडायचं म्हणजे शिवी ऐकूच येत नाही.

मला राग यायला हवा होता. असली गाणी लहान पोरांना ऐकवते! पण राग नव्हता तो. मला त्या दाराच्या आत असायचं होतं, एवढंच.

बेल वाजवली. सुचेताने दार उघडलं, केस मोकळे, उशी काखेत, गाल लाल. "अगं रसिका! ये ना, लवकर आलीस?" ती मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करते, मला तिला 'तुम्ही'च म्हणावं लागतं. मी म्हटलं, "शिव्या असलेली गाणी आहेत ना ही? पोरांना कशाला?"

ती हसली. "गाणी छान आहेत गं. कॉलेजपासून वेडी आहे मी. आवडतं ते पोरांना ऐकवावंसं वाटतं की नाही? वाईट शब्द झाकायचा, गाणं कशाला झाकायचं?"

मी पोरांच्या चपला शोधायला लागले. शेअर रिक्षात पोरं गप्प बसली. त्यांचा खेळ मी मोडला ना!

१६ जानेवारी

कौस्तुभला सांगितलं. वाटलं चिडेल. "शिव्या असतील तर बरोबर नाही, बोलतो तिच्याशी," म्हणाला. आणि मग पेपर उलटता उलटता — "पण कान आहे हं सुचेताला."

कान आहे! आणि आम्हाला काय, दगड आहेत दोन बाजूंना?

जेवले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

१८ जानेवारी

क्लिनिकमधली ड्युटी संपवून आल्यावर कपाटावरची माहेरची बॅग काढली. तळाशी, जुन्या साडीत गुंडाळलेली दत्ताराम काकांची कॅसेट. आहे अजून!

माणगावाकडे आमच्या वाडीत गणपतीत नाच व्हायचा. एका बाजूला आमचं मंडळ, समोर पलीकडच्या गावाचं. मधे ढोलकी घेऊन गाणारे बसणार, भोवती पायात घुंगरू बांधून पोरगे गोल गोल नाचणार. आधी देवाची गाणी. मग रात्र चढली की एकमेकांना गाण्यातून सवाल, टोमणे आणि शेवटी सरळ शिव्या! दत्ताराम काका गायला लागले की समोरचं मंडळ घामाघूम. मी सगळ्यात पुढे बसायची. आई कानावर हात ठेवायची — माझ्या, तिच्या नाही! तिचा हात दमला की मी ऐकून घ्यायची.

ही कॅसेट काकांच्या भाच्याने साध्या टेपवर भरलेली आहे. मध्ये कुत्रं भुंकतं, कोणीतरी खोकतं. पण काकांचा आवाज! लग्न झाल्यावर एकदाच कौस्तुभला या नाचाबद्दल सांगितलं होतं. "गावठी असतं ना ते?" म्हणाला. मग बॅग उघडलीच नाही.

सुचेताला आवडतं ते सुचेता ऐकवते. मला आवडतं ते मी का नाही?

१९ जानेवारी

ऐकवलं! बोट बटणावर ठेवूनच बसले होते. शिव्या कुठे येतात ते मला पाठ आहे, त्याच्या जरा आधी बंद, पुढे पळवायची, परत चालू. अथर्वला डालड्याचा रिकामा डबा दिला, तो मधे बसला. नेहाच्या पायात माझे जुने पैंजण. तिला पाय कसा आपटायचा, कसं वाकून वळायचं ते दाखवलं. मीही नाचले त्यांच्याबरोबर! खालच्या गुज्जू काकी वर आल्या, "रसिकाबेन, भूकंप आला काय?" आम्ही तिघं हसून हसून मेलो.

आम्ही तिघं. लिहायला बरं वाटतंय.

२३ जानेवारी

रोज तेच. शाळेतून आल्या आल्या "मावशी, काका लाव!" नेहाला अर्धं गाणं पाठ झालं. पण आज विचारलंच तिने, "तू मधेच बंद का करतेस? काय म्हणतात ते तिथे?"

"काही नाही, खोकतात."

"एवढा वेळ?"

भाजीचं नाव ओरड म्हणून सांगणं सोपं होतं. पण ते तिचं. सुचेताचं उष्टं मी घेणार नाही.

२७ जानेवारी, शनिवार

अथर्व डालड्याचा डबा घेऊन गेला आईकडे! "आईला काका दाखवतो," म्हणाला. दाखव बाबा, जरूर दाखव. दिवसभर गुणगुणत होते मी.

२९ जानेवारी

गिरणीत दळण टाकायला खाली गेले होते, तेवढाच वेळ. परत आले तर पोरं शहाण्यासारखी चित्रं काढतायत. जरा जास्तच शहाण्यासारखी. टेप बघितला. मी गवळणीवर थांबवली होती कॅसेट, ती कितीतरी पुढे गेलेली. पार शिव्यांच्या पुढे.

नेहाला विचारायला हवं. पण विचारलं आणि कौस्तुभला कळलं, तर कॅसेट परत साडीत. उद्या बघू.

३१ जानेवारी

शाळेतून फोन. दोघांनाही बोलावलं. कौस्तुभ हाफ डे टाकून आला. गॅदरिंगची प्रॅक्टिस चालू होती, एका मुलाने नेहाला रांगेतून ढकललं, आणि हिने त्याला शिवी दिली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. टीचर लालेलाल. "इतनी गंदी गाली, मैं तो बोल भी नहीं सकती. तीसरी की बच्ची! घर में कौन बोलता है ऐसे?"

मी खिडकीबाहेर बघत होते. नेहा खाली मान घालून उभी. कौस्तुभने विचारलं, "कुठे ऐकलंस?" मग परत, "नेहा, कुठे ऐकलंस?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग टीचरना म्हणाली, "आई के घर पे. गाने में."

कौस्तुभने शिवी काय होती तेसुद्धा विचारलं नाही. विचारायचं काय? सुचेताची गाणी सगळ्यांना माहीत!

निघताना मी मुद्दाम मागे राहिले. दारातल्या शिपाई बाईंना विचारलं. त्यांनी इकडे तिकडे बघून माझ्या कानात सांगितलं. मराठी शिवी. मीरा रोडला कोणी देत नाही असली, आमच्या गावाकडची. दत्ताराम काकांचीच, अगदी त्यांच्या हेलासकट. इथे लिहवत नाही.

१ फेब्रुवारी

कौस्तुभने सुचेताला फोन केला. "शनिवार बंद. निदान परीक्षा होईपर्यंत. तू सुधारणार नाहीस." पलीकडून काय बोलली ऐकू आलं नाही. फार बोललीच नसावी.

मी बाजूच्या खुर्चीत वाटाणे सोलत होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं. आणि लपवायचं कोणापासून — बरं वाटलं मला! आता सगळे वार माझे.

३ फेब्रुवारी, शनिवार

पहिला शनिवार आमच्याकडे. पुरणपोळी केली. कोणी खाल्ली नाही. अथर्व सकाळपासून बूट घालून दाराशी. "आईकडे नाही जायचं आज," सांगितलं तर बूट काढेना. तसाच झोपला दुपारी, बुटांसकट.

"काका लावू?" म्हटलं. नेहा म्हणाली, "नको."

घरात नसून सुचेता घरातच आहे. समोर असली तर निदान भांडता येईल!

५ फेब्रुवारी

सुचेता क्लिनिकमध्ये आली. रात्रपाळी करून तशीच आलेली. पेशंट बसले होते म्हणून मी तिला बाहेर जिन्यापाशी नेलं. वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. तयारीत होते मी.

"रसिका, मला फक्त तो शब्द सांग."

"कुठला?"

"नेहा बोलली तो. माझ्या सगळ्या सीड्या परत ऐकल्या मी. एकेक गाणं. मला वाटायचं एकही शिवी सुटत नाही आमच्याकडून. कुठेतरी सुटली असणार. कुठलं गाणं ते कळलं तर फेकून देते, कौस्तुभला दाखवते फेकून. पण कळायला तर हवं."

डोळे सुजलेले, ओढणी उलटी. तरी छान दिसत होती. असं कसं दिसता येतं तिला?

"मला नाही माहीत," म्हटलं. "टीचरनी सांगितलं नाही."

"तू होतीस ना तिथे? पोरीने काहीच नाही सांगितलं तुला? तुझ्याशी बोलते ती. रविवारी तर नुसतं तुझंच चालू असतं, मावशी अशी नाचते, मावशीचे काका..."

"नाही सांगितलं."

तिने मान हलवली, जिना उतरून गेली. रडली असती तर कदाचित सांगितलं असतं मी. रडली नाही ती.

रविवारी तुझंच चालू असतं म्हणे. दिवसभर तेच एक वाक्य. खोटं कशाला बोलेल?

८ फेब्रुवारी

नेहाची वेणी घालत होते. तोंड दिसत नव्हतं तिचं, म्हणून विचारता आलं. "आईचं नाव का घेतलंस गं? माझ्या कॅसेटमधलं होतं ना ते?"

"हो."

"मग?"

"आई तर गेलेलीच आहे ना. तिच्यावर बाबा कितीपण ओरडले तरी ती अजून कुठे जाणार? तुझ्यावर ओरडले असते आणि तू गेली असतीस तर?"

वेणी अर्धी राहिली. कौस्तुभला संध्याकाळी सांगेन, जे व्हायचं ते होऊ दे. सुचेताला आत्ताच फोन लावला. झोपेतून उठून "हॅलो" म्हणाली. मी आधी तो शब्द सांगितला, मोठ्याने, जसाच्या तसा. मग सांगितलं कोणाचा.