तुझ्या सोसायटीतलं माझं नाव

॥ श्रीराम ॥
पंचवटी, नाशिक
१८ ऑगस्ट २००६

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? श्रावणामुळे ह्यांना फुलांच्या दुकानात जेवायलाही सवड नाही. तृप्तीचं इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू झालं. फोनच करणार होते, पण मधेच रडू आलं तर मिनिटं फुकट जातात, म्हणून पत्र.

गोकुळाष्टमीला तुझ्या सोसायटीत भजन छान झालं. हॉल केवढा मोठा! आणि सुंठवड्यात बदाम? मी खोबऱ्यावर भागवलं असतं.

हे लिहायला बसले नव्हते मी.

तू बर्वेकाकूंना म्हणालीस, "ह्या आमच्या सरिताताई जोशी." मला वाटलं, चुकून बोललीस. तुझ्याकडे बघितलं तर तू माझा हात दाबलास. देवासमोर वाद कुठे घालायचा, म्हणून मी पेटीवाल्या बाईंना पट्टी सांगितली आणि गायले.

मग प्रसाद खाताना तुझ्या सोसायटीतल्या बायका सुरू झाल्या. "सवलतीवाल्यांनी सगळ्या सीटा खाल्ल्या." "उद्या डॉक्टर होतील आणि पोटात कात्री विसरतील!" केवढ्या हसल्या. सगळ्या एका विचाराच्या, नाही म्हणायला तिथे होतंच कोण? मी होते, पण मला तू जोशी करून ठेवलेलं. आणि तूही म्हणालीस, "आमच्या चाळीत तर सगळे असलेच. कसे दिवस काढले, माझं मला माहीत."

ह्याच चाळीत आपण भिंतीला भिंत लावून राहिलो गं. मंडलच्या वेळी तुझा भाऊ असंच बोलला, तेव्हा तूच त्याला झापलंस, "शेजारी माळ्यांचं घर आहे. त्यांची पोरगी माझ्या मांडीवर झोपते. तोंड सांभाळ." ती तृप्तीच होती. परवा तू हसलीस ती तिच्याच सीटवर.

इथे आपण सकाळी भांडायचो आणि संध्याकाळी कोथिंबीर मागायला एकमेकींकडे जायचो. तिकडे गेल्यापासून "कुमुद, हे चुकतंय तुझं" असं तुला कोणी म्हटलेलंच नाही. म्हणतील तरी कोण?

रिक्षापाशी म्हणालीस, "अगं, तुलाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जोशी म्हटलं. तशी तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." हे तू कौतुकाने म्हणालीस, तेच मला सोसत नाही. मी त्यांच्यातलीच आहे.

घरी आले तर तृप्तीने विचारलं, "मावशी काय म्हणाली गं माझ्या ॲडमिशनवर?"

"खूप आनंद झाला तिला," मी म्हटलं. श्रावणात खोटं बोलले, तेही तुझ्यासाठी.

बर्वेकाकूंनी ऋषिपंचमीला पुन्हा बोलावलंय. मी येणार आहे. भजन सुरू होण्याआधी माझं खरं नाव सांगणार, आणि माझ्या मुलीला कोणत्या कोट्यातून सीट मिळाली तेही. त्यानंतर गा म्हणाल्या तर गाईन, नाहीतर देवाला नमस्कार करून उठेन. तेव्हा तू माझ्या शेजारी बसायचं की त्यांच्यात, ते तुझं तू ठरव.

तोवर तरी तुझीच,
सौ. सरिता खंडेराव मौले