रविवारी जुळणारे आकडे

प्रिय युसूफचाचा,

तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या हवामानाच्या ग्रुपवर मी एक लांबलचक मेसेज टाकला होता. 'चाचांचा उत्साह तरुणांना लाजवणारा होता. शेवटच्या दिवसांत तर त्यांच्या मशीनचे आकडे अगदी अचूक येऊ लागले होते.' सगळ्यांनी हात जोडले. किती छान लिहिलंत, असंही एकानं कळवलं. तो मेसेज खोटा होता, हे मला काल दुपारी कळलं. आता दुसरा मेसेज टाकायचाय आणि सकाळपासून मी तो लिहितोय नि पुसतोय. म्हटलं, आधी तुम्हालाच लिहावं. तुमच्यापुढे तोंड उघडता आलं तर बाकीच्यांपुढेही उघडेल.

तुमचा धंदा ट्रकचा. उन्हाळ्यात टेंभुर्णीच्या रस्त्याला टायर फुटायचे, म्हणून तुम्ही ऑफिसच्या भिंतीला तापमापक टांगलं होतं. पारा चढला की ड्रायव्हरला दम भरायचात, "आता नक्को. ऊन उतरू दे, मग काढ गाडी." धंदा मुलाच्या हाती दिलात आणि गच्चीवर रीतसर पांढरी, झडपांची पेटी बसवून त्यात तापमान नोंदवणारं मशीन ठेवलंत. मी जुळे सोलापुरातला बँकेचा कारकून, मलाही तोच नाद. जिल्ह्यातल्या अशा पाच-सहा नादिष्टांचा ग्रुप झाला आणि मी त्याचा ॲडमिन. रोज संध्याकाळी सगळ्यांचे दुपारचे आकडे तपासायचे, ज्याचा आकडा वेगळा पडेल त्याच्यापुढे लाल खूण करायची आणि शहराचं तापमान जाहीर करायचं, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. ते करताना फार बरं वाटायचं, एवढंच.

शहरात मशीन दोनच, तुमची आणि माझी. बाकीचे सगळे बाहेरगावचे.

तुम्हीही काही गरीब गाय नव्हता, चाचा. सकाळी सकाळी फोन करून "काय मॅनेजरसाहेब, उठलात की न्हाय?" असं विचारायचात. मी मॅनेजर नाही, कधी होणारही नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. माझी पेटी कशी बुटकी बसवलीय, माझ्या गच्चीचा रंग कसा चुकलाय, यावर तुमचं प्रवचन चालायचं. ते माझ्या मनात साचत गेलं होतं. हे आज कबूल करतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

यंदा उन्हाळा लागला आणि तुमचा आकडा माझ्यापेक्षा दोन अंशांनी जास्त येऊ लागला. त्याआधी आपलं कायम जुळायचं. तुमच्या शेजाऱ्यानं गच्चीवर नुकतंच पत्र्याचं शेड टाकलं होतं. मी ताबडतोब निदान केलं, पत्रा तापतो आणि त्याची धग तुमच्या पेटीला लागते. निदान पटण्यासारखं होतं, ग्रुपला पटलंही. पण मी तुमच्याकडे येऊन तो पत्रा एकदा तरी पाहिला का? स्कूटरवर असं कितीसं अंतर होतं? मी फोनवरच निकाल दिला आणि तुमच्यापुढे लाल खूण केली. मग सोलापूरचं तापमान म्हणजे माझ्या गच्चीचं तापमान झालं. ग्रुपमधल्या टेंभुर्णीकराचा आकडा तुमच्या आकड्याच्या जवळपास असायचा, पण तिथं हायवे आहे, असं म्हणून मी तोही बाजूला सारला.

तुम्ही पेटीला नवा रंग दिलात. पेटी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेलीत. फरक पडला नाही. मग एकदा ग्रुपवर विचारलंत, "मॅनेजरसाहेब, रविवारी आपलं जुळतं, सोमवारी बिघडतं. हे कसं काय?"

किती नेमका प्रश्न होता! तपासणाऱ्याला याहून चांगला धागा कुणी हाती द्यायचा? मी उत्तर दिलं, "रविवारी तुमच्या पत्र्यालाही सुट्टी असेल, चाचा." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ग्रुप हसला. मीही हसलो, आणि कुणाकुणाला ते आवडलंय हे परत परत उघडून पाहिलं.

त्यावरही तुम्ही हटला नाहीत, तेव्हा मी फोनवर वैतागलो. "मशीनमध्ये दुरुस्तीची सोय असते. त्यात दोन अंश कमी करून टाका ना!" तुम्ही म्हणालात, "दोन अंश काय तुमच्या घरचे हायत व्हय? ऊन हाय तेवढं हाय." आणि फोन ठेवलात.

त्यानंतर कधीतरी तुमचे आकडे माझ्याशी जुळायला लागले. मी खूण काढली, तुम्हाला अंगठा पाठवला, वर फूल. मग रविवारी तुमचा आकडा माझ्यापेक्षा कमी येऊ लागला, पण तुम्हाला सुधारल्याच्या आनंदात मी तिकडे पाहिलंच नाही.

आणि मे संपता संपता एका पहाटे तुम्ही झोपेतच गेलात.

मी भेटायला आलो तेव्हा चाचींनी तुमचं मशीन पिशवीत घालून माझ्या हाती दिलं. म्हणाल्या, "तुमीच न्या. घरात कुणाला कळतंय त्यातलं?" मग म्हणाल्या, "शेवटी लई गप झाले होते. म्हणायचे, पोरगं शिकलेलं हाय, बँकेत हाय, ते कशाला खोटं सांगंल? माझीच नजर गेली असंल. आमचा पोरगा विचारायचा, अब्बा, गाडी काढू का? तर म्हणायचे, मला नको विचारू, मला कळत न्हाय आता. मलाबी वाटलं, वय झालं." मी मान हलवली. वय होतंच, असं काहीतरी बोललोही.

परवा तुमचं मशीन माझ्या पेटीत, माझ्या मशीनच्या शेजारी ठेवलं. सकाळी पाहिलं तर तुमचं दोन अंश कमी दाखवत होतं. लाज सोडून सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. पाहा, बिघडलेलंच होतं! मग लक्षात आलं, आपला वाद तर तुमचं जास्त दाखवतं हा होता. सेटिंग उघडलं. दुरुस्तीत वजा दोन. ती काढल्यावर दोन्ही मशीन एकच आकडा दाखवायला लागली.

म्हणजे तुमचं मशीन पहिल्यापासून चोख होतं. पत्रा तर रविवारीही तापतो, मग दुपारी माझ्याकडे काय बिघडत होतं? काल बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि गच्चीवरच्या खोलीत बसून राहिलो.

ऊन डोक्यावर आलं तशी अव्वा, म्हणजे माझी आई, जिना चढून आली. तिच्या हातात भिजवलेली जाडजूड चादर, पाणी ठिबकत होतं. तिनं ती चादर झटकली आणि पेटीवर चारही बाजूंनी नीट पांघरली. झडपा सगळ्या झाकून गेल्या.

"अव्वा, हे काय गं?"

"तू घरात हैस व्हय?" ती दचकली. "भिजवून घालते की. लई तापतंय बिचारं. मागं तूच म्हणलास, तापून बंद पडलं म्हणून."

म्हणालो होतो. गेल्या उन्हाळ्यात मशीन एकदा बंद पडलं होतं, तेव्हा जेवताना कुरकुरलो होतो.

"रोज घालतीस?"

"तू बँकेत गेलास की. तू यायच्या आधी काढून ठेवते, वाळलेली असती. आयतवारी तेवढं ऱ्हातंय, मठात भजन असतंय माझं." मग तिनं चादरीचं टोक उचलून झडपांतून आत डोकावून पाहिलं. "हे दुसरं त्या चाचांचं व्हय? चांगलं झालं, त्यालाबी गार वाटंल."

मी मधूनमधून चादर उचलून पाहत राहिलो. हळूहळू दोन्ही मशीनचे आकडे उतरले. तुमच्या मशीननं तिथंही बरोबर तेच दाखवलं.

आज सकाळी तिला समजावलं की मशीनला गारवा द्यायचा नसतो, आहे ते ऊन मोजायचं असतं. "मग आधी सांगायचंस की," ती म्हणाली. "उगंच जिना चढून गुडघे दुखवून घेतले." तिचं काय चुकलं? रोज संध्याकाळी सगळ्या जिल्ह्याशी ऊन-पावसाच्या गप्पा मारणाऱ्या मुलानं घरात कधी सांगितलंच नव्हतं, ती पेटी कशासाठी आहे ते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आलो.

पण चाचा, तुमच्यावरही थोडा राग आहे. तुम्ही का ऐकलंत माझं? एवढे भांडखोर तुम्ही, ड्रायव्हरांना दम भरणारे, माझ्यासारख्या कारकुनापुढे का नमलात? अजून एकदा भांडायचं होतं. माझ्या गच्चीवर येऊन माझी पेटी उचलून फेकली असतीत तरी चाललं असतं. राग आहे असं म्हणतोय खरा, पण तो तुमच्यावर टाकला की मला जरा हलकं वाटतं, हेही कळतंय.

आता वचन देतो. हे पत्र संपलं की ग्रुपवर मेसेज जाईल. त्यात 'तांत्रिक बिघाड' हे शब्द नसतील. सकाळपासून तेच लिहून पुसतोय. अव्वाचं नावही नसेल. तिनं केलं ते मायेनं केलं. माझं मशीन तपासणं माझं काम होतं आणि तेच तेवढं मी केलं नाही. तुमच्या लाल खुणा काढून माझ्या आकड्यांपुढे लावीन. ज्या आकड्यांना मी अचूक म्हणालो ते मात्र वाचवता येणार नाहीत. दुरुस्ती नेमकी कोणत्या दिवशी केलीत ते आता कोण सांगणार? त्यांच्यापुढे खूण राहील आणि कारण म्हणून तिथं 'ॲडमिनच्या सांगण्यावरून' असं लिहीन.

उद्या तुमच्या घरी येईन. चाचींना चहा ठेवू देणार नाही. तुमच्या मुलालाही समोर बसवीन आणि दोघांना सांगीन की चाचांची नजर गेली नव्हती, वयही आड आलं नव्हतं. ते बरोबर होते आणि मी त्यांना चुकायला लावलं.

तुमचा अपराधी,
शिवानंद