तारेची घोटणी

६ जाने. ९१, रवि.
पाव पुन्हा फसला. मनगट मोडल्यापासून उजव्या हाताने मळवत नाही, आणि डाव्याने मळलं तर पीठ कोपरापर्यंत चढतं. तसेच चिकट हात घेऊन रडत बसले. नेमकी शेजारची सुनंदा आली. शिरपूरकडची, नवरा भास्कर इथून जवळच, मसाट गावी तारेच्या कारखान्यात.
"ताई, हे काय करी राहिल्या? एकट्या जिवासाठी एवढा खटाटोप?"
हे आजही मुंबईहून आले नाहीत. मंजूची प्रीलिम आहे म्हणे, पोरीला सोडून निघता येत नाही. मग रविवारी करायचं काय?

१३ जाने., रवि.
भास्करने जाड तार वाकवून घोटणी करून आणली. मोठ्या वेटोळ्यात लहान वेटोळं, मूठ जुन्या कानशीची. "भंगारातली तार आहे, ताई. साहेबांना विचारूनच आणली."
पीठ सैल भिजवलं, खमीर घातलं. तारेतून पीठ आरपार जातं, हाताला लागतच नाही. मनगट दुखलं, पण सोसवेल इतपत. सुनंदाने पातेलं धरलं. कशाला हसत होतो कोण जाणे. पाव खालून करपला. फुगला मात्र!

२२ जाने.
बँकेतून आल्यावर आंबोळीचं पीठ घोटणीनेच फेटलं. एक गुठळी नाही. एकच आंबोळी खाल्ली. जेवताना रेडिओ मोठा लावते हल्ली. आमच्या टोकरखाडा वस्तीत संध्याकाळी घराघरातून आवाज येतात, फोडणीचे, भांडणाचे. माझ्या घरातून बातम्या.

३ फेब्रु., रवि.
सुनंदा गेली. भास्करला सुरतेत काम मिळालं. टेम्पोत बसताना म्हणाली, "तुम्ही बी जाशालच ना आता मुंबईला?" हो म्हटलं. बढतीवर इथे आल्यापासून सगळ्यांना हेच सांगतेय.
दुपारी पीठ भिजवलं. पातेलं ओट्यावर सरकत राहिलं. शेवटी जमिनीवर बसून, पायांत धरून घोटलं.

२४ फेब्रु., रवि.
हे काल आले. एकटेच. सकाळी पाव करायला घेतला. म्हटलं, "अहो, पातेलं धरा ना जरा." धरलं. एका हाताने, दुसऱ्यात पेपर.
"इथे विकत मिळत नाही का?"
मग खाताना, लोणी लावता लावता, अगदी सहज: "बदलीचा अर्ज एवढ्यात नको करूस. अक्का आहे घरी. मंजूला तिची सवय झालीय. सगळं सुरळीत चाललंय."
अक्कावन्सं वर्षभरापूर्वी आल्या, मी इकडे आल्यावर घर बघायला, माझीच सोय म्हणून.
"मंजू असं म्हणाली?"
"म्हणायला कशाला हवं?"
दुपारच्या बसने गेले. मंजूसाठी पाव बांधून दिला होता. डबा टेबलावरच राहिला.

२५ फेब्रु.
मॅनेजर: "मॅडम, बदलीचे अर्ज या आठवड्यात जातायत. तुमचा?" म्हटलं, उद्या देते. दिवसभर आकडे चुकत होते.
संध्याकाळी एसटीडी बूथवर गेले. रांगेत घोकत होते. मी परत आले तर चालेल तुला? छे, असं विचारतात का पोटच्या मुलीला? अभ्यास कसा चाललाय, इथूनच सुरुवात करावी. मग...
फोन मंजूनेच उचलला. मागे टीव्ही, वन्संचं हसणं.
"आई? आज सोमवारी कसा गं फोन? बोल ना."
अभ्यासाचं राहिलंच, एकदम विचारलं, "मी परत आले तर चालेल तुला?"