तुझ्या टेबलावर घेतलेली चाचणी

आई, तू जाऊन बारा वर्षं झाली. घोडेगावला कचेरीसमोर पत्र्याखाली तू टायपिंगला बसायचीस, तिथं आता झेरॉक्सवाला आहे. गेल्या आठवड्यात ऑफिसात एक गोष्ट घडली, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे.

अवसरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट म्हणून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं तयार करायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. अगदी नवख्या माणसालाही जमावं म्हणून सगळं माऊसवर ठेवलं होतं. निवडायला याद्या, तारखेला कॅलेंडर. तुझ्या कम्प्युटरवर जुनं, काळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर होतं. एक बटण दाबलं की अर्जाचा सगळा मजकूर समोर यायचा आणि मग तू पडद्याकडे बघायचीच नाहीस. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत प्रश्न विचारायचीस, बोटं आपली चालूच. मला ते मागासलेलं वाटायचं. एका रविवारी तुला न विचारता मी ते काढून टाकलं आणि माझं बसवलं.

सोमवारी वही घेऊन तुझ्या शेजारी बसले, मोबाईलवर वेळ लावली. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे डोंगरातल्या गावाहून आलेले एक म्हातारे बाबा. तू माऊस घट्ट धरून पडद्यावर बाण शोधतेयस, बाबा मांडीवर पिशवी घेऊन बसलेत.

"बाबा, जन्म कवाचा?"

"साल काय ठावं न्हाई बाई. लई मागचं हाय."

जुन्यात तू 'वय अंदाजे सत्तर' टाकून पुढे गेली असतीस. माझं कॅलेंडर तारखेशिवाय पुढे सरकेना.

"आता काय करू गं?"

"मी सांगायचं नसतं आई. चाचणी आहे."

"चाचणी तुझी हाय. ह्यांची तीनची गाडी हाय."

मी वहीत वेळ लिहीत राहिले. गाडी गेली. शेवटी तू कागद ओढलास आणि त्यांचा अर्ज हातानं लिहून दिलास. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाबा तुझ्या टेबलापाशीच बसून होते.

माझ्या मैत्रिणीनं जन्मात कधी अर्ज टाईप केला नव्हता, तिला तेच काम चार मिनिटांत जमलं. तेवढ्यावर मी सॉफ्टवेअर सोपं ठरवलं. रिपोर्टात तुझ्याबद्दल इंग्रजीत एक ओळ लिहिली, की वयस्क वापरकर्ती शिकायला 'अनविलिंग' आहे, म्हणजे तिची शिकायची इच्छाच नाही. आणि तो रिपोर्ट टाईप करायला तुलाच दिला. एरवी तुझी बोटं कुठे अडायची नाहीत, त्या शब्दावर अडली.

"अनविलिंग म्हंजी काय गं?"

"नवीन शिकणारा," मी म्हणाले.

"असं व्हय," म्हणालीस आणि पुढे टाईप करत गेलीस. सबंध रिपोर्टात एक चूक नव्हती.

त्या आठवड्यात तुझी गिऱ्हाइकं शेजारच्या टेबलाकडे जायला लागली. एका सकाळी सीपीयू शालीत गुंडाळलास, एसटीनं आळेफाट्याला नेलास आणि तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून जुनं सॉफ्टवेअर परत टाकून आणलंस. मला कळलं तेव्हा मी चिडले. मला का नाही सांगितलंस म्हणून विचारलं.

"इतकं मन लावून केलं व्हतंस. तुलाच कसं सांगू, काढ म्हणून?"

आता पुण्यात माझं कामच हे आहे, सॉफ्टवेअर माणसांना वापरता येतं का ते बघणं. गेल्या आठवड्यात निवृत्तीला आलेले एक क्लार्क चाचणीला बसले होते. आमच्या नव्या प्रोग्रामात त्यांचं बोट सवयीनं कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एका बटणाकडे गेलं. त्या बटणाला आम्ही काहीच काम ठेवलं नव्हतं. बोट थोडा वेळ तसंच वर राहिलं, मग त्यांनी हात मांडीवर घेतला. शेजारच्या मुलीनं वहीत 'स्लो' लिहिलं. मी पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि बराच वेळ जिन्यात उभी राहिले. परत येऊन लिहिलं, की हे संथ नाहीत, ह्यांच्या हातातलं आपण काढून घेतलंय. नवख्यांसाठी याद्या असू द्या, पण जाणत्यांची बटणं त्यांना परत द्या. दोन दिवसांत बटणं आली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ही नोकरी मला त्या रिपोर्टावरच मिळाली. खऱ्या गिऱ्हाइकांसमोर चाचणी घेतली, हे मुलाखत घेणाऱ्यांना फार आवडलं होतं. 'खऱ्या गिऱ्हाइकांसमोर चाचणी' ही ओळ अजून माझ्या बायोडेटात आहे. परवा खोडायला बसले होते. खोडली नाही.