भोंग्यावरची प्रेमकादंबरी

४ ऑगस्ट
ठरलं. नॉव्हेल लिहायची. गावातल्या गावात घडणारी, हलकीफुलकी, शेवटी लग्न. रोज संध्याकाळी पाचला माझ्या गच्चीवरच्या भोंग्यावरून एक चॅप्टर. आमच्या या ओहो सेको नावाच्या गावात हरवलेल्या डुकरापासून मक्याच्या पिठाच्या गरम तमालेंपर्यंत सगळं मी पुकारतो, मग माझ्या मनातलं दुसरं कोण पुकारणार? हिरॉइन बेकरीवाली. आमच्या बेकरीवाल्या क्लेमेंसियाला काय ते समजेलच. हिरो अबोल, विचारी, शेहेचाळीस वर्षांचा, भारदस्त आवाजाचा. १५ ऑक्टोबरला, जत्रेच्या दिवशी, शेवटचा चॅप्टर आणि लगेच तिला मागणी.
त्रिनीताईला प्लॅन सांगितला. म्हणाली, बेकरी चाळीस पावलांवर आहे, जाऊन बोल की सरळ. माझी सख्खी बहीण, पण साहित्यातलं ओ की ठो कळत नाही.

११ ऑगस्ट
व्हिलन हवा. टँकरवाला निकानोर दोन पाव घ्यायला जातो आणि अर्धा तास बेकरीत रेंगाळतो. त्यालाच घेतला. नाव निकोलास ठेवलं. फेंगडे पाय आणि टँकर तेवढे तसेच. कोणाला पत्ता लागणार नाही.
आजच्या चॅप्टरमध्ये हिरोने खिडकीतून हिरॉइनकडे पाहून उसासा टाकला. उद्या दुसरा टाकेल. घाई नाही.

१९ ऑगस्ट
सुपरहिट! पाच वाजले की मक्याची गिरणीसुद्धा बंद ठेवतात. बायकांची एकच कुरकुर, हिरो काही करत का नाही? अहो, करतोय ना, आतल्या आत करतोय!
व्हिलनचा कावेबाजपणा दिसावा म्हणून त्याने हिरॉइनचं पिंप फुकट भरून दिलं, असं लिहिलं. नीच माणूस.

२० ऑगस्ट
निकानोरने सकाळी क्लेमेंसियाचं पिंप फुकट भरून दिलं. योगायोग.

२७ ऑगस्ट
काल व्हिलनने कपटाने हिरॉइनच्या भट्टीचं धुराडं साफ केलं. आज निकानोर बेकरीच्या छपरावर, काळाठिक्कर. क्लेमेंसिया खाली उभी राहून खिदळत होती. चोर लेकाचा! ऐकतो काय, दुसऱ्या दिवशी करतो काय! याला वाङ्मयचौर्य म्हणतात.
ताई म्हणाली, सुचलं तुला, मग तू का नाही चढलास छपरावर? मी म्हटलं, लेखकाने पात्रांपासून अंतर राखायचं असतं. शिवाय मला चक्कर येते.

५ सप्टेंबर
निश्चय. यापुढे व्हिलनच्या हातून एकही चांगलं काम नाही. आज त्याला हिरॉइनच्या आईसमोर नाचायला लावलं, त्या फेंगड्या पायांनी. पुरती फजिती.

६ सप्टेंबर
निकानोर नाचला. क्लेमेंसियाची आई हसता हसता खुर्चीवरून घसरली. आता त्याला रोज जेवायला बोलावते. आज चिकन होतं म्हणे. मला गेल्या वर्षी नुसतं पाणी विचारलं होतं. तेही मी नको म्हणालो, उगाच त्रास कशाला.

१८ सप्टेंबर
व्हिलनला विहिरीत पाडला. मेला. सुटलो.

१९ सप्टेंबर, सकाळी ८
दारात बायकांचा मोर्चा. कोणीतरी पाद्रीबाबांना निकोलासच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि पाद्रीबाबांनी केलीसुद्धा. त्यांनी माझ्याबद्दल विचारलं म्हणे, एलादियोला मारायला हाच माणूस सापडला का?

त्याच दिवशी, दुपारी ४
क्लेमेंसिया आली! स्वतः! माझ्या घरी! डोळे रडून लाल. म्हणाली, एलादियो, हात जोडते तुमच्यापुढे, पण त्याला मारू नका हो. सोबत गरमागरम गोड पाव आणला होता. माझ्या कलाकृतीसाठी रडणारी बाई! प्रेम आहे हे, दुसरं काय असणार? ताईने तोंड उघडलं होतं, मी तिला अर्धा पाव दिला.
पाच वाजता व्हिलनला दोरीने वर काढला. थोडा भिजलाय, ठीक आहे.

२ ऑक्टोबर
मास्टरस्ट्रोक! व्हिलन कायमचा गाव सोडून उत्तरेला निघाला, पार सरहद्दीपलीकडे, कामधंद्यासाठी. मारलं नाही, शब्द पाळला. आता मैदान मोकळं. उद्याच्या चॅप्टरमध्ये हिरो तोंड उघडणार. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

३ ऑक्टोबर
सकाळी क्लेमेंसिया पिठाच्या हातांनी भर रस्त्यात टँकरसमोर आडवी उभी राहिली. निकानोरला म्हणाली, खबरदार उत्तरेला गेलास तर! तो म्हणाला, मी कुठे चाललोय? काल टँकर भरायला गेलो होतो, चॅप्टर चुकला माझा. ती म्हणाली, मग लग्न कर माझ्याशी आणि राहा इथेच. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला म्हणे.
ताईने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मला दोनदा सांगितलं. क्लेमेंसिया त्याची परीक्षा घेत असेल.
घसा बसल्यामुळे आजचा चॅप्टर रद्द.

१५ ऑक्टोबर
दोघं आली. लग्नात केकचा खर्च उचलणारा एक पाद्रिनो, अंगठ्यांचा एक, अशी मानलेल्या बापांची फौज लागते. मला भोंग्याचा पाद्रिनो व्हा म्हणाली.
मी धीर करून विचारलं, पण हिरोचं काय? क्लेमेंसिया म्हणाली, निकोलासचं ना? त्याचं लग्नच लावा आता. मी म्हटलं, निकोलास नव्हे, तो खिडकीतला. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, तो उसासेवाला? अय्या, मला वाटलं तो हिरॉइनचा आजारी मामा. निकानोर म्हणाला, बिचाऱ्याला दम्याचं औषध तरी द्या.
मला रडू आवरेना. त्यांना वाटलं आनंदाने. क्लेमेंसियाने माझ्या हातावर ओठ टेकले आणि पाद्रिनो म्हणाली. अकरा वर्षं वाट पाहिली त्या ओठांची, आणि टेकले ते बापाच्या हातावर.
हो म्हणालो.
पाच वाजता त्यांच्या लग्नाचं आमंत्रण तीनदा पुकारलं. आवाज एकदाही कापला नाही. मग शेवटचा चॅप्टर वाचला. मामा बरा झाला. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या.