चार कोसांची मजल

३ जानेवारी १९६२, फुलसावंगी
आलो एकदाचा! कळंबहून सकाळी निघालो आणि जेवणवेळेआधी फुलसावंगीत हजर. शहात्तर मैल, आणि कंबरेने एकदाही कुरकूर केली नाही. गाडीच तशी आहे. पाचशे सीसीची विलायती फटफटी, काळ्या टाकीवर सोनेरी रेघ, मागे दोन्ही बाजूंना चामड्याच्या पेट्या, हँडलला गोल आरसा. नागपूरच्या दुकानात पाहिली आणि तिथेच पाघळलो. सत्यभामा म्हणते, बायकोकडे नाही बघत एवढे तिच्याकडे बघता. खोटे कशाला बोलू?

सत्यभामा कळंबला माहेरी आहे. पहिलटकरीण, फेब्रुवारीत दिवस भरतात. तिची थोरली बहीण बाळंतपणातच गेली, म्हणून ही फार धास्तावली आहे. तिला वचन दिले आहे, तार कर, तीन तासांत दारात उभा राहतो. एवढी मोठी गाडी घेतली ती खरे तर त्याच वचनासाठी, असे मी सासऱ्यांना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही.

मी इथला नवा गुरांचा डॉक्टर. दवाखाना म्हणजे एक खोली आणि गुरे अडकवायचा खोडा. कंपाउंडर देवरावने गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि विचारले, साहेब, हे पानी पेते का?

१६ जानेवारी
आज देवसिंग नायकाच्या तांड्यावर गेलो होतो. त्यांचा मोहरक्या बैल आजारी होता. या लोकांचे वाडवडील बैलांवर धान्य-मीठ लादून मुलखोमुलखी हिंडत. सगळ्यांच्या पुढे एक मोहरक्या, त्याच्या गळ्यात घुंगरांची माळ. तो चालला की तांडा चालायचा, तो बसला की तांडा बसायचा. रेल्वे आली, तो धंदा बुडाला, आता सगळे शेती करतात. पण मोहरक्या अजून ठेवतात, आणि एक मेला की माळ लगेच दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

बैल वाचणारा नव्हता. देवसिंगने माळ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, डॉक्टरसाहेब, धरून ठेवा, जमिनीले लागू देऊ नका, मी नवा गोऱ्हा घेऊन येतो. माळ चांगली जड होती. धरून हात भरून आला, म्हणून घातली आपल्याच गळ्यात. पोरे हसली, तसा मला आणखी चेव आला. गाडीवर बसून हॉर्न वाजवला, गाडी चार पावले पुढे नेली.

मागे वळलो तर बैलाने मान टाकली होती. देवसिंग गोऱ्हा धरून उभा होता, तोंड पांढरे पडलेले. त्याची म्हातारी आई लालीबाई खालीच बसली. माळ मी उतरवून दिली, त्यांनी ती गोऱ्ह्याला घातली. गोऱ्हा पुढे जाईना. माझ्या गाडीमागे येऊन उभा राहिला. मला हसू आले. आता लाज वाटते.

१९ जानेवारी
मी गाडीवरून निघालो की गावची गुरे दावी तोडून मागे येतात. देवराव म्हणतो, साहेबाच्या हाताले गुन आहे.

२२ जानेवारी
काल पुसदला निघालो होतो. आठ मैलांवर गाडी बंद पडली. प्लग साफ केला, कार्ब्युरेटर उघडला, सगळे ठीक. ढकलत आणली. आज सकाळी पहिल्याच किकला सुरू झाली. पुन्हा निघालो, बरोबर आठ मैलांवर बंद.

२४ जानेवारी
गाडी घरी ठेवून प्रवासी मोटारीने निघालो. आठ मैलांवर मोटारही बंद पडली. ड्रायव्हर चक्रावला. मी उतरून लांब जाऊन बसलो, तशी ती सुरू झाली आणि गेली. गाडीचा दोष नाही. दोष माझ्यात आहे.

२५ जानेवारी
लालीबाईकडे गेलो, पाया पडलो. ती म्हणाली, आठ मैल म्हंजे चार कोस, मोहरक्याची एका दिवसाची मजल. ना कमी, ना जास्त. मोहरक्या मागं पाहत नाही, आन् त्याचे जे असतीन ते त्याच्या मागं येते. सोडवायचे कसे, विचारले. ती रडायला लागली. जीव गेल्याबिगर माळ सुटत नाही, बाबा. काहून घातली तुनं?

मला फार भीती वाटते आहे. तारेची वाट बघण्यात अर्थ नाही. रोज आठ मैल धरले, तर नऊ दिवसांत बहात्तर. दहाव्या सकाळी चारच मैल उरतील. परवा निघतो. तीन तासांचे वचन, दहा दिवस तर दहा दिवस.

२७ जानेवारी
आठ मैल झाले. गाडी बैलाच्या चालीनेच जाते, कितीही पीळ. गळ्यात माळ नाही, तरी घुंगरे वाजतात. मागे खुरांचा आवाज. शेकडो. आरशात धूळ दिसते. थांबून वळून पाहिले, रस्ता रिकामा.

३१ जानेवारी
आर्णी. चहासाठी ब्रेक दाबला. थांबली नाही. मजल पुरी झाल्यावरच थांबली. पेट्रोल कालच संपले आहे.

आता मान वळत नाही. उजवीकडे नाही, डावीकडे नाही.

३ फेब्रुवारी
यवतमाळच्या भर बाजारातून गेलो. लोकांना हाका मारल्या. ते गाडीचे कौतुक करत होते. उडी टाकली. पाय त्याच चालीने चालत राहिले, आणि गाडी शेजारून, कोणी धरलेली नसताना. परत बसलो. काय करू?

४ फेब्रुवारी
बहात्तर मैल झाले. उद्या चार मैलांवर कळंब. पण मजल आठांची आहे.

देवा चिंतामणी, उद्या तिला घरात ठेव. दार लाव. ती झोपलेली असू दे —

५ फेब्रुवारी
दारावरून गेलो. ती ओसरीवर होती. बाळंत झाली आहे, सुखरूप, मांडीवर बाळ. मला पाहून हसली. मी तोंड घट्ट मिटले होते, हाक मारली नाही, हात केला नाही —

उठली. बाळाला घेऊन, अनवाणी. तिची आई ओरडत होती.

जा म्हणालो, घरी जा, ओली बाळंतीण तू. चार मैल भर उन्हात मागे तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, घुंगरांमध्ये.

आता थांबलो आहे. आरशात नुसती धूळ. बाळ वाटेत रडत होते, मग —

सत्यभामा, बोल. मला मागे बघता येत नाही, तू फक्त —