टीव्हीची वायर माझ्या दप्तरात आहे

आत्या,

टीव्ही बिघडलेला नाही, वायर मी काढून नेतेय. आजीने विचारलं तर बिघडलाय म्हण.

दुपारी बातम्यांत तिच्या लाडक्या निवेदकाने सांगितलं, बाबांच्या कारखान्यातली आग विझली, सगळे कामगार सुखरूप बाहेर आले. आजीने त्याला इथूनच आशीर्वाद दिला. मग आईचा फोन आला. बाबांच्या पाळीतले काही जण सापडत नाहीयेत, त्यात बाबा आहेत. आजीला मी हे सांगितलेलं नाही.

मला तो निवेदक कधीच पटला नाही. पूर येवो नाहीतर कुणाचं लग्न असो, आवाज तोच आणि टायची गाठही तीच. शाळेत मी त्याच्यापेक्षा बरं बोलते. म्हणून तर कारखान्याच्या फाटकावर चाललेय. आई तिथे नुसती उभी आहे, साहेबांना धड विचारायला कुणीतरी हवं.

संध्याकाळच्या बातम्यांत तो न सापडलेल्यांची नावं वाचेल. आजीने ती त्याच्या तोंडून ऐकायला नकोत. काय असेल ते आम्ही येऊन सांगू.

ओट्यावर बाबांचं ताट झाकून ठेवलंय, ते उचलू नकोस. त्या निवेदकाच्या शब्दावर आजीने वाढलंय. आज एकदा तरी त्याचं खरं निघावं, असं मलाही वाटतंय.

तुझी बडबडी